‘इंट्यूशन’ला मराठीत काय म्हणायचं? नव्या अनुवादकांसाठी काही पायऱ्या

पुण्यात अनुवादाचं, जाहिरातीच्या मजकुराचं किंवा ॲपच्या मराठीकरणाचं काम नव्याने हाती घेतलेली मुलंमुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: ‘इंट्यूशन’ आणि ‘इंट्यूटिव्ह’ला मराठी शब्द काय? शोधलं की ‘अंतर्ज्ञान’ आणि ‘अंतर्ज्ञानी’ चटकन सापडतात. ते उचलून वाक्यात बसवले तर वाक्य दिसायला शुद्ध असतं, पण वाचणारा तिथे थबकतो.

मी या कामाला लागले तेव्हा मिक्सरच्या एका माहितीपुस्तिकेत ‘अंतर्ज्ञानी बटणे’ असं लिहिलं होतं. घरी आईला वाचून दाखवलं. ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. हात थांबवून म्हणाली, “बटणं कशी गं अंतर्ज्ञानी असतील? अंतर्ज्ञानी म्हणजे न सांगता दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारे. एखाद्या महाराजांना म्हणतात तसं.” शब्दाचा अर्थ मला माहीत होता. तो शब्द लोक कोणासाठी राखून ठेवतात, ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी हा प्रश्न एका शब्दाचा मानत नाही. मराठीत कळण्याच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येक जातीला वेगळा शब्द आहे. आपल्यासमोर कुठली जात आहे हे ओळखायचं, मग शब्द निवडायचा. त्याची रीत खाली सांगते.

पहिली पायरी: हे कळणं आलं कुठून, ते विचारा

मूळ वाक्यात ‘इंट्यूशन’ दिसलं की कोश लगेच उघडू नका. आधी स्वतःला विचारा, या माणसाला जे कळलं ते कुठून आलं? जन्माबरोबर आलं, वर्षानुवर्षांच्या सरावातून आलं, की आतून अचानक वर आलं? काही बारीक खुणा दिसल्या म्हणून कळलं, की काहीही कारण नसताना? इंग्रजी शब्द हे सगळं एकाच पिशवीत भरतो. त्याच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहणं’ असा आहे. आपल्याकडेही पाहण्यातून आलेले शब्द आहेतच: दृष्टी, अंतर्दृष्टी, नजर. पण मराठी तेवढ्यावर थांबलेली नाही.

जन्माबरोबर आलेलं असेल तर ‘उपजत’. हा माझा फार आवडता शब्द. उपजणं म्हणजे जन्मणं, संस्कृत ‘उत्पद्’पासून आलेलं. म्हणून उपजत समज, उपजत शहाणपण, उपजत कल. बोलताना ‘तिला उपजतच गाण्याचं अंग आहे’ असं सहज म्हणतो. ‘जन्मजात’ याच अर्थाचा, पण आजार आणि व्यंग यांच्यासोबत तो इतका वापरला जातो की गुणाचं कौतुक करताना थोडा रुक्ष लागतो. ‘अंगभूत’मध्ये जन्माचा ठाम दावा नाही, तो गुण त्या माणसापासून वेगळा काढता येत नाही एवढंच म्हणायचं आहे. ‘निसर्गदत्त’ गौरवाच्या भाषणात शोभतो, रोजच्या बोलण्यात नाही.

आणि ‘सहज’? सह म्हणजे बरोबर, ज म्हणजे जन्मलेलं. सहज म्हणजे जे आपल्याबरोबरच जन्माला आलं ते. आज आपण ‘सहज आलो होतो’ म्हणतो तेव्हा हा अर्थ कुणाच्या ध्यानात नसतो, पण ‘सहजप्रवृत्ती’, ‘सहजप्रेरणा’ या शब्दांत तो अजून जिवंत आहे. पिल्लू डोळे उघडण्याआधी आईच्या कुशीकडे सरकतं, ती सहजप्रेरणा. हा शब्द इंट्यूशनचा नाही, इन्स्टिंक्टचा. नवखे लोक इथे गल्लत करतात. प्राण्याला सहजप्रेरणा असते. गाडीवानाला बैलाच्या चालीवरून कळतं ते वेगळं.

दुसरी पायरी: ‘उपजत’ लिहिण्याआधी तांबट आळीत जाऊन या

हे मी अगदी मनापासून सांगते आहे. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पितळ-तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडताना ऐकू येतात, तिथे जरा वेळ उभे राहा. भांडं घडून झालं की त्यावर मठारकाम करतात. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पृष्ठभागावर बारीक चकाकते ठसे उमटतात, त्याने भांड्याला बळकटी येते आणि झळाळीही. मी पाहिलं तेव्हा कारागीर बाजूच्या माणसाशी बोलत होते, डावा हात भांडं किंचित फिरवत होता, उजव्या हाताचे ठोके ओळीने पडत होते. कुठे खूण नाही, मोजपट्टी नाही. मध्येच एका ठोक्याचा आवाज मला काहीच वेगळा वाटला नाही, पण ते थांबले, भांडं वळवून बघितलं, एका जागी दोन हलके ठोके दिले आणि पुढे गेले. कसं कळलं, असं मी विचारलं. “हाताला कळतं,” एवढंच म्हणाले.

आता हे इंग्रजीत ‘इंट्यूटिव्ह स्किल’ म्हणून येईल आणि नवा अनुवादक ‘उपजत कौशल्य’ लिहून मोकळा होईल. तसं लिहिलं तर त्या माणसाची सगळी वर्षं पुसली जातात. हे उपजलेलं नाही, मुरलेलं आहे. मराठीत त्यासाठी किती शब्द आहेत बघा: हात बसलाय, नजर बसली आहे, कान तयार झालाय, अंगात मुरलंय, जाण आली आहे, पारख आहे. मंडईत नारळ कानाशी हलवून निवडून देणाऱ्या मावशींकडे पारख असते. कपड्याला हात लावून सूत सांगणाऱ्या दुकानदाराकडेही पारखच. शिवण बघताक्षणी कुठे ओढ बसली आहे हे सांगणाऱ्या शिंप्याची नजर असते. यातला प्रत्येक शब्द त्या अवयवाला मान देतो ज्याने ते ज्ञान कमावलं.

तेव्हा नियम असा: ज्ञानामागे सराव असेल तर अवयव शोधा. हात, कान, नजर, जीभ. त्यातून शब्द आपोआप मिळतो.

जन्मजात गुण आणि मेहनत यांची सांगड हा काही आजचा विषय नाही. काव्य कशातून घडतं हे सांगताना संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने एकाच श्लोकात ‘नैसर्गिकी प्रतिभा’, पुष्कळ निर्मळ अध्ययन आणि न थकता केलेला उद्योग अशा तिन्ही गोष्टी घेतल्या आहेत. निसर्गाने दिलेलं त्याने पहिलं ठेवलं, पण एकटं ठेवलं नाही.

तिसरी पायरी: नाम सोडा, क्रियापद धरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंग्रजीत हा विषय नामांनी बोलला जातो: इंट्यूशन, इनसाइट, हंच. मराठी माणूस तो क्रियापदाने बोलतो. ‘माझ्या अंतर्ज्ञानाने मला सांगितले’ असं कुणी घरात म्हणत नाही. ‘मला आतून वाटलं’ म्हणतो, ‘मला कळूनच चुकलं’ म्हणतो. नाम बाजूला ठेवून क्रियापद शोधलंत तर निम्मी वाक्यं तिथेच सुटतात.

फक्त ही क्रियापदं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘कळणं’ सगळ्यात साधं. बातमीही कळते आणि मर्मही. ‘समजणं’ बुद्धीचं आहे, गणित समजतं. ‘उमजणं’मध्ये आधीचा न कळण्याचा काळ दडलेला असतो. वडील असं का वागायचे हे मुलगा स्वतः बाप झाल्यावर त्याला उमजतं. ‘उमगणं’ जास्त खोल आणि एकदम होणारं, अर्थ उलगडून समोर यावा तसं. ‘जाणवणं’ हे मनाच्या त्वचेला होणारं ज्ञान आहे: बोलण्यातला दुरावा जाणवतो, खोलीतला ताण जाणवतो, पण उत्तर ‘जाणवत’ नाही. उत्तर ‘सुचतं’. कविता ‘स्फुरते’. आणि ‘वाटणं’ सगळ्यात हलकं, त्यात खात्री नाही. त्याला ‘आतून’ जोडलं की वजन येतं.

आता यातली एक खास गोष्ट. ‘मला कळलं’, ‘मला जाणवलं’, ‘मला उमगलं’, ‘मला सुचलं’: प्रत्येक वेळी ‘मला’. जाणणारा माणूस इथे काही करत नाही, ज्ञान त्याच्याकडे चालत येतं. पण दुसरा एक गट आहे: ‘तिने ताडलं’, ‘तिने हेरलं’, ‘तिने ओळखलं’. इथे ‘तिने’ आहे. ती बघत होती, तिने खुणा टिपल्या, ती ज्ञानाकडे गेली. मराठीच्या विभक्तीतच हा भेद आहे.

म्हणून एखाद्या कथेत ‘तिच्या इंट्यूशनला कळलं की तो खोटं बोलतोय’ अशा अर्थाचं वाक्य आलं की तुमच्यापुढे दोन वाटा असतात. ‘तो खोटं बोलतोय हे तिला आतून कळलं’ किंवा ‘तो खोटं बोलतोय हे तिने ताडलं’. या दोन वेगळ्या बायका आहेत. पहिलीला कारण सांगता येणार नाही. दुसरीने त्याचे डोळे, त्याचा थांबलेला हात, चहाचा न घेतलेला घोट, सगळं पाहिलेलं आहे आणि बहुधा चेहऱ्यावर काही दाखवलेलंही नाही. ताडण्यात हे न दाखवणंही येतं. ‘हेरणं’ त्याहून वेगळं, अनेकांतून नेमकं एक वेचून काढणं. बाईंनी वर्गातल्या एका मुलातली चित्रकला हेरली, असं. मूळ कथा नीट वाचल्याशिवाय यातलं कुठलं क्रियापद हे ठरत नाही, आणि ठरवू नये.

चौथी पायरी: वाक्प्रचार वापरताना त्याचा रंग तपासा

वाक्प्रचार घातला की मजकूर मराठी होतो हे खरं, पण प्रत्येक वाक्प्रचाराला आपला रंग असतो. ‘मनात पाल चुकचुकली’ फक्त शंकेसाठी, वाईटाच्या सूचनेसाठी. मुलाखत दिल्यावर ही नोकरी आपल्याला मिळणार असं वाटलं, तर तिथे पाल चुकचुकत नाही. ‘चाहूल’ म्हणजे मुळात पावलांचा आवाज. येणाऱ्या गोष्टीची चाहूल लागते, ती चांगली असो वा वाईट: थंडीची, म्हातारपणाची, पाहुण्यांची. होऊन गेलेल्या गोष्टीची चाहूल लागत नाही. ‘कुणकुण’ मात्र दुसऱ्याच्या तोंडून कानावर आलेली असते, तिला इंट्यूशन म्हणू नका. ‘सुगावा’ पोलिसांना लागतो, त्यालाही माग काढावा लागतो.

‘मनाने कौल दिला’ हा सुंदर प्रयोग आहे, पण तो केव्हा वापरायचा? देवाला कौल लावतात तेव्हा प्रश्न विचारलेला असतो, हे करू की नको. फूल किंवा पाकळी कुठल्या बाजूला पडते त्यावरून उत्तर घेतात. म्हणून निर्णयाची घडी असेल, दोन वाटा असतील, तिथेच कौल. नुसतं काहीतरी जाणवलं तर तो कौल नव्हे. उलट बाजूने ‘मन ग्वाही देत नाही’. घराचा व्यवहार ठरत आलाय, कागद नीट आहेत, तरी पाऊल पुढे पडत नाही, अशा वेळी याच्याइतका नेमका प्रयोग मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलेला नाही.

‘आडाखा’ आणि ‘ठोकताळा’ यांत अनुभवाचं गणित असतं. बाजाराबद्दलच्या लेखांत ‘गट फीलिंग’ आलं की बहुतेकदा हेच म्हणायचं असतं. ‘सिक्स्थ सेन्स’ला ‘सहावं इंद्रिय’ म्हणायला बरेच जण कचरतात, ते उसनं वाटतं म्हणून. कचरू नका. गीतेच्या १५व्या अध्यायात इंद्रियं मोजताना मन सहावं धरलेलं आहे. शब्द इथल्या मातीला परका नाही.

पाचवी पायरी: हिंदीतून येत असाल तर चार शब्दांपाशी थांबा

पुण्यात कामाला आलेले, घरी हिंदी बोलणारे आणि मराठी चांगलं शिकलेले कितीतरी जण आता लिहितात. त्यांच्यासाठी ही पायरी. हिंदीत ‘आभास हुआ’ म्हणजे जाणवलं. मराठीत ‘आभास झाला’ म्हणजे नसलेलं असल्यासारखं वाटलं. अर्थ थेट उलटा होतो. जाणवलं म्हणायचं असेल तर ‘चाहूल लागली’ किंवा ‘जाणवलं’च लिहा. ‘साक्षात्कार’ हिंदीत मुलाखत असू शकते. मराठीत तो देवाचा किंवा सत्याचा, प्रत्यक्ष दर्शनाइतका मोठा. ‘प्रतिभा’ हिंदीत कुठल्याही हुशार विद्यार्थ्याकडे असते. मराठीत तिचा पहिला अर्थ नवनिर्मितीची शक्ती असा आहे. प्रतिभा कवीची, चित्रकाराची, शास्त्रज्ञाची. स्पर्धा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीला आपण बुद्धिमान म्हणतो. आणि ‘सूझबूझ’साठी मराठीत ‘प्रसंगावधान’ किंवा ‘समयसूचकता’.

उच्चारही जाता जाता सांगते. ‘ज्ञ’ मराठीत ‘द्न्य’सारखा उच्चारतात, ‘ग्य’ नाही. ध्वनिमुद्रणासाठी संहिता लिहीत असाल तर वाचणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

सहावी पायरी: लिहिताना

‘अंतर्’ म्हणजे आत. ‘अंतर’ म्हणजे दोन ठिकाणं एकमेकांपासून किती लांब आहेत ते. पाय मोडलेला र जोडताना त्याचं काय होतं ते पुढच्या अक्षरावर ठरतं. पुढे स्वर असेल तर तो त्यात मिसळतो: अंतरात्मा, अंतरंग. पुढे मृदू व्यंजन असेल तर रफार होतो: अंतर्ज्ञान, अंतर्दृष्टी, अंतर्मन. पुढे क, प, स यांसारखं कठोर व्यंजन असेल तर विसर्ग: अंतःकरण, अंतःप्रेरणा, अंतःप्रज्ञा, अंतःस्फूर्ती. हा विसर्ग विसर्गाच्याच कळीने टाइप करा. अपूर्णविरामाचं चिन्ह टाकलं तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोधताना तो शब्द सापडत नाही आणि ओळ कधीकधी भलत्याच जागी तुटते. मी तपासलेल्या मजकुरात ही सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक आहे.

दृष्टी, बुद्धी, स्फूर्ती यांचा शेवट दीर्घ. समासात ते पहिलं पद झालं की ह्रस्व: दृष्टिकोन, बुद्धिवाद, स्फूर्तिदायक. विभक्तीचा प्रत्यय लागला तर दीर्घच राहतो: अंतर्दृष्टीने.

यातला अंतःप्रज्ञा आणि त्याच्या जवळचा प्रातिभज्ञान, म्हणजे प्रतिभेतून येणारं ज्ञान, हे शब्द तत्त्वज्ञानाच्या लेखनात भेटतात. तिथे ते हवेतच. वृत्तपत्रातल्या लेखात आणले तर पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या वाक्यात समजावून सांगा.

सातवी पायरी: कोश कुठला आणि कसा

आता कोश उघडा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ याच पुण्यात तयार झाला. १९३२ ते १९३८ या काळात ७ खंड, पुढे पुरवणी. ‘उपजत’, ‘जाण’, ‘कौल’, ‘चाहूल’ हे शब्द एकदा त्यात सावकाश वाचा. एका शब्दाच्या पोटात किती वापर आहेत हे बघून हात थांबतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. बोलण्यातले प्रयोग त्यात भरपूर आहेत आणि मराठीकडून इंग्रजीकडे जात असल्याने तो आपल्याला उलट तपासणीला उपयोगी पडतो: निवडलेला मराठी शब्द तिथे काढायचा आणि इंग्रजीत तो काय सांगतो ते मूळ वाक्याशी ताडून बघायचं. शब्दाचं मूळ हवं असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’. हे विकत घ्यायची घाई नको. बृहद्कोश या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकत्र शोधता येतात, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही आहेत. तरी एकदा लक्ष्मी रस्त्यावरच्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या, १८४८ साली सुरू झालेल्या ग्रंथालयात जाऊन जाड कोश हाताने उलटायची सवय लावून घ्या. पडद्यावर फक्त शोधलेला शब्द दिसतो. पानावर त्याचे शेजारीही दिसतात, आणि मला हवा असलेला शब्द पुष्कळदा शेजारीच बसलेला असतो.

शेवटी: मोठ्याने वाचून बघा

झालेलं वाक्य अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही. अर्थ विचारू नका. ‘हे तू कधी म्हणशील का?’ एवढंच विचारा.

सरावासाठी तीन प्रसंग देते. परिचारिकेला रुग्णाचा चेहरा बघूनच काहीतरी बिनसलंय हे कळतं आणि ती डॉक्टरांना हाक मारते. इथे नजर आहे, सरावाची. ‘तिच्या अनुभवी नजरेला कळलं’. गुंतवणूक करणारा गृहस्थ सगळे आकडे अनुकूल असताना मागे फिरतो. इथे ‘मनाने ग्वाही दिली नाही’. चार वर्षांची मुलगी कुणी न शिकवता तालावर टाळी देते. इथे, आणि या तिघांत फक्त इथेच, ‘उपजत’.

आणि मिक्सरची ती पुस्तिका. आईशी बोलणं झालं त्या रात्री मी वाक्य चार वेळा बदललं. ‘सोपी बटणे’ लिहिलं, पण सोपेपण म्हणजे नुसतं कमी कष्टाचं असणं, मूळ वाक्यात त्याहून जास्त होतं. ‘सहज वापरता येतील अशी बटणे’ बरं होतं, फक्त लांब. सकाळी आईने पोळ्या लाटता लाटता विचारलं, काय केलंस मग त्याचं? मी म्हटलं, ‘बटणं अशी आहेत की पाहताच उमगतात.’ तिने मान हलवली. “पाहताच कळतात लिही,” ती म्हणाली. “उमगायला बटणात आहे काय एवढं?”

पुस्तिका ‘पाहताच कळतील अशी बटणे’ या शब्दांनी छापून आली.